खरं बोलणाऱ्यांच्या घरची गाय

माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत माझ्याशी सर्वांत जास्त वेळा बोललं गेलेलं खोटं चार शब्दांचं आहे : ‘काय दिलं न्हाई, डॉक्टरीण.’

मी जनावरांची डॉक्टर. निपाणी ते चिकोडी या पट्ट्यातल्या गोठ्यांत माझा जन्म गेला. माणसांच्या डॉक्टरांचा मला फार हेवा वाटतो. त्यांचा पेशंट स्वतः येतो, स्वतः कण्हतो आणि कुठं दुखतंय ते बोटानं दाखवतो. आमची म्हैस नुसती बघते. मग तिच्या वतीनं मालक बोलतो. कधीपासून खात नाही, रवंथ केली का, शेण कसं पडलं, काय खाल्लं, कुणी काय पाजलं, या उत्तरांवर आमचं निम्मं निदान उभं असतं. आणि मालक खोटं बोलतो. त्यानं आधी स्वतःच काहीतरी पाजून बघितलेलं असतं. डॉक्टरीण ओरडेल ही भीती, शेजारी ऐकतायत याची लाज, आणि सासू ऐकत असेल तर विचारूच नका. ‘कालपासनं’ म्हणजे चार दिवस. ‘थोडंसं’ या शब्दाला मी डोळे झाकून चारनं गुणते.

तर, माणूस खोटं बोलतोय हे ओळखण्याची माझी एक विद्या आहे, आणि तिचा मला गर्व होता. ‘होता’ असं लिहिते आहे, कारण त्याच विद्येनं मैना नावाची एक गाय माझ्या हातून मरायची वेळ आली. ती हकिगत सांगायलाच बसले आहे. पण आधी थोडी विद्या दाखवू द्या. गर्वाचं घर खाली होण्याआधी निदान ते किती मजली होतं ते तरी कळू दे.

पहिला धडा एका दाजींनी दिला. वस्तीवरचा माणूस, म्हैस फुगलेली. मी विचारलं, “काय पाजलंसा?”

“काय न्हाई, डॉक्टरीण. देवाशप्पत.”

मी म्हटलं, बरं. त्यांच्या एका हातात म्हशीचं नाक दिलं, दुसऱ्या हातात शिंग. माणसाला खोटं बोलायला हात मोकळे लागतात. डोकं खाजवायचं असतं, टोपी सारखी करायची असते, मिशीवरनं बोट फिरवायचं असतं. हात गुंतले की खोटं लंगडं होतं. दाजी म्हशीला लोंबकळत असताना मी कामाच्या नादात असल्यासारखं विचारलं, “किती पाजलंसा?”

“अर्धी बाटली.”

“कशाची?”

दाजींनी शरमून इकडंतिकडं बघितलं. “हीच, आपली... गावठी. पोटाला गरम पडती म्हणत्यात.”

“आणि उरलेली अर्धी?”

“ती मी घेतली. तिला एकटीलाच कशी पाजायची?”

त्या दिवसापासून मी ‘दिलं का?’ हा प्रश्न सोडून दिला. सरळ ‘किती दिलं?’ असंच विचारते. ज्यानं दिलेलं नसतं तो चमकतो, ज्यानं दिलेलं असतं तो आकडा सांगतो.

दुसरा धडा त्याहून मोठा. गावात जनावर आजारी पडलं की दहा-बारा माणसं जमतातच. कुणी दोरी धरतं, कुणी सल्ला देतं, बाकीचे नुसते उभे. नवीन होते तेव्हा मी त्यांना हाकलायची. मग एकदा एक कालवड बघायला गेले. मालक सांगत होता, “चाऱ्याबिगर तोंडात काय घातलं न्हाई तिनं.” आणि तो हे बोलत असताना जमलेली सगळी माणसं एकदम पलीकडच्या रानातल्या कोबीकडं बघायला लागली. जणू तिथं विमान उतरलंय. एकटा एक गडी मात्र टक लावून मालकाकडं बघत होता. तो कोबीचा मालक होता. बिचाऱ्याला अजून काही ठाऊक नव्हतं.

मी कालवडीच्या मालकाच्या कानाशी लागले. “अण्णा, तोंडानं बोलू नका. कोबी असंल तर एकदा खोका.”

अण्णा दोनदा खोकले. म्हणजे दोन गड्डे नव्हे, दोन वाफे.

तेव्हापासून मी बोलणाऱ्याकडं बघतच नाही, प्रेक्षकांकडं बघते. खोटं बोललं जात असताना ज्यांना खरं ठाऊक असतं ते जमिनीकडं, आभाळाकडं, कोबीकडं बघतात. बोलणारा नट कितीही मुरलेला असो, पब्लिक फितूर होतंच. यावर मी मग नाटकंसुद्धा करायला लागले. मधेच काम थांबवायचं, चष्मा काढून पुसायचा, सगळ्यांवरनं हळूहळू नजर फिरवायची आणि म्हणायचं, “ह्या गोठ्यात कुणीतरी खोटं बोलतंय.” कॉलेजात असताना गॅदरिंगला कामं केली होती, ती अशी कारणी लागली. गावात बोलबाला झाला. ‘त्या डॉक्टरणीपुढं खोटं चालत न्हाई, तिला बघून कळतंय.’ शपथेवर सांगते, काही माणसं जनावर सोडून आपल्या जावयाविषयी विचारायला यायची.

आता मैनेकडं येते.

आमच्या सीमाभागात बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, दोनदा असतो. ज्येष्ठी पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर, आणि पुढं आषाढात महाराष्ट्राचा. माणसं राज्यावरनं भांडतात, जनावरं दोन्हीकडं पोळ्या खातात. त्यामुळं त्या दोन्ही दिवशी माझ्या फोनला उसंत नसते. पुरणपोळी बैलाला प्रेमानं पाच-सहा घातली तर ठीक. पण प्रेम उतू जातं. उरलेलं पुरण, कणीक, भात, गूळ असं सगळं पाटीत जातं, पोटात आंबतं, आणि जनावर ढोलासारखं फुगतं. याला औषध सोपं : खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पाजायचा. आंबलेल्यावर सोडा, बस्स.

दोन वर्षांपूर्वीच्या कर्नाटकी बेंदराला दुपारी तीन-साडेतीनला सुजाताचा फोन आला. “मॅडम, लौकर या. मैना फुगलीया, थरथराय लागलीया.”

सुजाता चिकोडीच्या वाटेवरच्या एका गावातली सून. नवरा एका कारखान्यात, तो सणालाही कामावर होता. घरात ती आणि सासू ताराव्वा. मैना ही सुजाताची स्वतःची गाय. बचत गटातून घेतलेली, स्वतः वाढवलेली, आणि तिच्या दुधावर सुजाताची मुलगी बेळगावला नर्सिंग शिकत होती. मैना गेली असती तर मुलीला घरी बोलवावं लागलं असतं. हे सुजातानं मला कधी सांगितलं नव्हतं, पण रात्री डेअरीत दूध घालून आली की रोज ती मुलीला फोन लावायची, ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

मी गाडी लावून गोठ्यात शिरले. मी तोंड उघडण्याआधीच ताराव्वा म्हणाल्या, “आलीस व्हय गं? गाडीचा आवाज वळकला मी.” म्हातारी पंचाहत्तरीची, खणखणीत, कमरेला किल्ल्या. मैना मात्र वाईट होती. डावी कूस टम्म, तोंडाला फेस, कान आणि खांद्याचं कातडं फडफडत होतं.

सण, दुपार, फुगलेलं पोट. निदान माझ्या जिभेवर तयार होतं. तरी एक शंका होती. असाच फुगारा, असाच फेस, असंच थरथरणं युरिया पोटात गेल्यावरही येतं. उसाला टाकतात तो युरिया. आणि त्याचं औषध नेमकं उलटं : तिथं आंबट द्यावं लागतं, व्हिनेगर, तेही भरपूर. तिथं सोडा दिला तर विष आणखी जोरात चढतं. म्हणजे एकाचं औषध ते दुसऱ्याचं मरण. पोटातलं थोडं पाणी नळीनं काढून कागदावर टाकलं की कागदाचा रंग सांगतो, आंबट की उलटं. तो कागद माझ्या पेटीत होता.

मी कागद काढला नाही. माणसं वाचता येत असताना कागद कशाला वाचायचा?

मी चष्मा पुसला. गोठ्यात आठ-दहा बायका, दोन म्हातारे. मी विचारलं, “युरिया किती गेला पोटात?”

सुजाता दचकली. “युरिया? न्हाई मॅडम. युरिया हाय, पर डब्यात हाय, फळीवर. निळ्या झाकणाचा. मिठाचा लाल झाकणाचा. आत्तींना सांगून ठेवलंय मी.”

“मला काय सांगाय नगं,” ताराव्वा फणकारल्या. “आंबोणात मीठ मी माझ्या हातानं घातलं. सणाचं म्हणून तीन मुठी. वर पोळ्या कुस्करल्या, गूळ घातला. मीठच घातलं, डॉक्टरीण.”

मी प्रेक्षकांवरनं नजर फिरवली. कुणी जमिनीकडं बघत नव्हतं, कुणी आभाळाकडं बघत नव्हतं. सगळ्यांचे डोळे सरळ, स्वच्छ. सुजाता खरं बोलत होती. ताराव्वा खरं बोलत होत्या. माझी विद्या पणाला लावून सांगते, त्या गोठ्यात त्या क्षणी कुणीही खोटं बोलत नव्हतं.

मी निर्धास्त सोडा कालवला आणि एक बाटली मैनेला पाजली.

दुसरी बाटली भरण्याआधी म्हटलं, वायू तरी बाहेर काढू. त्याला एक जुना उपाय आहे. कडुलिंबाची काठी मीठ चोळून जनावराच्या तोंडात आडवी बांधायची. ते चघळत राहतं, लाळ सुटते, ढेकर येतात. मी म्हटलं, “ताराव्वा, मूठभर मीठ द्या.”

“तेच देते की,” म्हणून त्यांनी फळीवर हात फिरवला आणि डबा काढून माझ्यापुढं धरला. मी बघितलंही नाही, ओला हात आत घातला.

हात गार पडला. मीठ हाताला असं गार लागत नाही. युरिया पाण्यात विरघळताना बर्फासारखा गार होतो. मी मूठ उघडली. पांढरे, गोल, साबुदाण्यासारखे दाणे. मग डब्याकडं बघितलं. झाकण निळं होतं.

ताराव्वा विश्वासानं डबा धरून उभ्या होत्या.

“व्हिनेगर!” मी अशी ओरडले की दोन्ही म्हातारे मागं सरले. “सुजाता, व्हिनेगर कुठं मिळंल?”

“व्हिनेगर काय असतंय?” एका बाईनं विचारलं.

“गोबी मंचुरीत घालत्यात ते!” सुजाता धावलीसुद्धा.

गल्लीच्या कोपऱ्यावर इराण्णाचा गोबी मंचुरीचा गाडा लागतो. सणाची गर्दी म्हणून तो तेव्हा गोबी चिरत होता. तो बाटल्या कवटाळूनच आला. “येष्टु बेकु, मॅडम? किती पायजे?”

“हाय तेवढं सगळं दे.”

त्यानं पाच बाटल्या आणि एक कॅन ठेवला, आणि घाम पुसत अगदी मनापासून विचारलं, “सोया सॉस बी आणू काय?”

मला आज हसू येतं. तेव्हा आलं नाही. मैना पुढचे पाय दुमडून खाली बसली होती. मी नळी घातली. व्हिनेगर, मग गार पाणी, पुन्हा व्हिनेगर. बायकांनी घागरींची रांग लावली. सणाच्या नव्या साड्या गुडघ्यापर्यंत भिजल्या. सुजातानं मैनेचं डोकं मांडीवर धरलं होतं.

तिनं मधेच विचारलं. “मॅडम, ती पयली बाटली, सोड्याची. त्यानं काय झालं?”

मी म्हणाले, “काही नाही. त्यानं काय फरक पडत नाही.”

घ्या. तीस वर्षांत मी ज्यांना ज्यांना पकडलं होतं त्या सगळ्यांच्या रांगेत जाऊन मी उभी राहिले. आणि काय सफाईनं! हात नळीत गुंतलेले, तरी आवाज मऊ, नजर सरळ सुजाताच्या डोळ्यांत. कुणालाही संशय आला नसता. सुजातानं मान हलवली. बायका पाणी ओतत राहिल्या.

फळीजवळनं ताराव्वा म्हणाल्या, “डॉक्टरीण, खोटं बोलू नगंस.”

मी वर बघितलं. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या, माझ्या डाव्या खांद्यावरनं पलीकडं कुठंतरी बघत होत्या.

“तू खरं बोलतीस तवा शब्दावर शब्द आपटतीस,” त्या म्हणाल्या. “आत्ता लोण्यागत बोललीस. काय केलंस त्या बाटलीनं?”

मी नळी सुजाताच्या हातात दिली आणि सगळ्यांसमोर सांगितलं. सोडा द्यायला नको होता. युरियावर सोडा म्हणजे आगीत तेल. तपासायचा कागद माझ्या पेटीत होता, मी तपासलं नाही. मैना मेली तर निम्मी मी मारली असं समजा.

सुजातानं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, “आता काय करायचं ते करा, मॅडम.”

“आणि निम्मी?” ताराव्वांनी विचारलं. “उरलेली निम्मी कुणी मारली?”

बायका घागरींकडं बघायला लागल्या.

“युरियाच घातला न्हवं मी?” त्यांनी फळीला पाठ टेकली. “मला दिसत न्हाई. दोन वर्सं झाली. ढगात असल्यागत सगळं. लाल न् निळं मला एकच.”

“आत्ती!” सुजाता म्हणाली. “अवो, मग भाकरी कशी करतासा तुम्ही?”

“हातानं गं. भाकरीला डोळं कशाला?”

“आन् माझ्या साडीचा रंग रोज सांगतासा तो?”

“आदल्या राती तू दांडीवर टाकतीस, तवा तुझ्या पोरीला फोनवर सांगत असतीस की, उद्या ही नेसणार म्हणून.” मग त्यांचा आवाज पहिल्यांदा खाली आला. “डोळं गेलं म्हटलं तर किल्ल्या काढून घेशीला, बाजल्यावर बसवशीला. म्हणून बोलले न्हाई. मीठ मात्र मी मीठ म्हणूनच घातलं गं. ते खोटं न्हवतं.”

सुजाताच्या मांडीवर गाय होती, त्यामुळं तिला उठता आलं नाही. तिनं बसल्या जागेवरनं हात लांब करून म्हातारीचा पाय धरला. “किल्ल्या ऱ्हाऊंद्यात तुमच्याकडंच,” ती म्हणाली. “डबं तेवढं मी काढते.”

पुढचा तासभर काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण त्यात माझी विद्या कुठंच नव्हती, नुसतं व्हिनेगर, पाणी आणि वाट बघणं. पाचच्या सुमाराला मैनेनं एक ढेकर दिला. आयुष्यात मी नाटकाला एवढी टाळी ऐकली नाही, जेवढी त्या ढेकराला पडली. सहा वाजता ती उठून उभी राहिली, धडपडली, पुन्हा उभी राहिली. इराण्णा त्या दिवशी विनाव्हिनेगरची गोबी विकत होता, आणि गिऱ्हाइकाला सांगत होता, “आज आंबट गाईला गेलं.”

मैना जगली. पण त्या वेतात तिचं दूध निम्म्यावर आलं ते आलंच. सुजातानं शिवणाचं काम घेतलं, मुलीचं शिक्षण थांबू दिलं नाही, आणि मला एका शब्दानं कधी बोलली नाही. ते दूध माझ्यामुळं गेलं, हे मला ठाऊक आहे. आता मी कुठल्याही फुगलेल्या जनावराला आधी कागद लावते, मग माणसांचं ऐकते. खोटं बोलणारा माणूस सापडतो. चुकीचंच खरं मानून बोलणारा सापडत नाही, त्याचा चेहरा देवासारखा असतो.

दोन महिन्यांनी ताराव्वांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर मी भेटायला गेले. त्या दारातच बसल्या होत्या. मी गाडीवरनं उतरले, जवळ गेले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत निवांत न्याहाळलं, मग पुन्हा खालपासून वरपर्यंत.

“तूच व्हय गं डॉक्टरीण?” त्या म्हणाल्या. “आवाजावरनं मला बारीक वाटलीस.”

आतून सुजाता चहा घेऊन आली आणि घाईघाईनं म्हणाली, “आत्तींना अजून नीट दिसत न्हाई, मॅडम.”

दोघींपैकी एक खोटं बोलत होती. कोण, ते मी जागच्या जागी ओळखलं. चहात साखर नको म्हणून सांगितलं.